मेंदीचा रंग एकच
घरी केस रंगवण्याची रीत आणि बाजारातल्या मालाची पारख

मेंदी हा आपल्या कोल्हापूरच्या बाजारातला लहान, पण बारमाही खपाचा माल आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ती पोत्यातून सुटी मिळते, अत्तार आणि मणेर बांधवांच्या दुकानात पुड्यांतून मिळते आणि किराणा व सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत रंगीत डब्यांतून मिळते. रमजान ईदच्या आधी आणि लग्नसराईत तिचा उठाव वाढतो. एरवीही पांढऱ्या केसांसाठी आणि दाढीसाठी तिला कायम मागणी असते. तिन्ही ठिकाणी मालाचे नाव 'मेंदी' असेच असते. परंतु आत जे असते ते तिन्ही ठिकाणी सारखे असतेच असे नाही. गिऱ्हाइकाला हा फरक माहीत नसतो, आणि पुष्कळ वेळा विकणाऱ्यालाही नसतो.

कापडाच्या व्यापाऱ्याने मेंदीवर का लिहावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, केसाला मेंदी लावणे हे रंगाईचेच काम आहे. पक्का रंग कोणता, कच्चा कोणता, कोणता रंग धाग्याच्या आत शिरतो आणि कोणता नुसता वर बसतो, हे प्रश्न आम्हा कापडवाल्यांच्या रोजच्या व्यवहारातले आहेत. रंगरेज बांधवांना तर ते आमच्यापेक्षा जास्त कळतात. तीच नजर मेंदीकडे वळवली, तर घरातल्या माणसांची त्वचा वाचेल आणि दुकानदाराची पतही राहील, म्हणून हा लेख.

रंग कसा चढतो

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. वाळलेल्या पानांत त्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा 1 ते 2 किंवा त्याहून थोडे कमी भरते. पान नुसते चुरून लावले तर रंग लगेच येत नाही. पूड पाण्यात भिजत ठेवली म्हणजे हे द्रव्य हळूहळू मोकळे होते आणि मग ते केसातल्या प्रथिनाला चिकटते. केस, नख, आपली त्वचा, लोकर आणि रेशीम हे सर्व प्रथिनांचेच पदार्थ आहेत, म्हणून त्यांच्यावर मेंदी पक्की बसते. सुती कापडावर ती तशी धरत नाही. डाग पडतो, पण तो फिका असतो आणि धुण्यात उतरत जातो. लोकर रंगवणारे आणि सूत रंगवणारे कारागीर वेगळे रंग का वापरतात, याचे कारणही हेच आहे.

लॉसोनचा रंग नारिंगी ते तांबडा असतो. शुद्ध मेंदी याखेरीज दुसरा रंग देत नाही. पांढऱ्या केसावर ती नारिंगी-तांबडी दिसते, दोन दिवसांत हवेने गडद होऊन तांबूस तपकिरी होते. काळ्या केसावर फक्त उन्हात दिसणारी लालसर झाक येते, कारण मेंदी मूळ रंग उतरवत नाही, त्याच्यावर आपला रंग चढवते. डोक्यात पांढरे आणि काळे केस मिसळलेले असतील तर दोन छटा दिसणारच.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डब्यावर 'काळी मेंदी', 'बरगंडी मेंदी' किंवा 'गडद तपकिरी मेंदी' असे लिहिले असेल, तर त्या डब्यात मेंदीशिवाय आणखी काहीतरी आहे. ते नीळीचे किंवा दुसऱ्या झाडाचे पान असेल किंवा रसायन असेल. कोणते, हे पाहणे आपले काम आहे.

माल येतो कुठून

मेंदीचे झुडूप आपल्याकडेही येते. मात्र बंगल्यांच्या कुंपणाला 'मेंदी' म्हणून जी झुडपे लावलेली असतात ती बऱ्याचदा वेगळीच असतात. त्यांचा रंग चढत नाही, म्हणून ती पाने तोडून वाटण्यात अर्थ नाही.

भारतात मेंदीची मोठी पेठ म्हणजे राजस्थानातील पाली जिल्ह्याचे सोजत. तिथली हवा कोरडी, पाऊस थोडा, आणि असे हवामान या झुडपाला मानवते. एकदा लावलेले झुडूप वर्षानुवर्षे टिकते आणि पावसाळा सरल्यावर फांद्या कापून पाने वाळवतात. कापलेल्या मालावर पाऊस पडला तर रंग उतरतो आणि भावही पडतो. 2021 साली 'सोजत मेंदी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन काय असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, कारण आपल्या गुळाला ते 2014 साली आणि कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळाले आहे.

गुळाचे उदाहरण इथे आणखी एका कारणाने उपयोगी आहे. गूळ पिवळाधमक दिसला की गिऱ्हाईक हात घालते, म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस टाकून तो उजळ करतात. हेच हायड्रोस आमच्या रंगाईच्या धंद्यात नीळीच्या आणि तशा रंगांच्या हौदात वापरले जाते. काळपट पण साधा गूळ मागे पडतो आणि उजळ गूळ पुढे जातो. मेंदीचेही तसेच होते. खऱ्या मेंदीची पूड मळकट, पोपटी-तपकिरीकडे झुकणारी असते. ती हिरवीगार दिसावी म्हणून तिच्यात हिरवा रंग मिसळतात, वजन वाढावे म्हणून बारीक वाळू मिसळतात आणि रंग लवकर यावा म्हणून रसायन मिसळतात. पहिल्या दोन गोष्टींनी गिऱ्हाइकाचा खिसा कापला जातो, पण तिसरी अंगावर येते.

काळ्या रंगामागचे रसायन

एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग निघू लागले आणि नीळ, मंजिष्ठ असे झाडांचे रंग बाजारातून हटत गेले. जर्मनीतली कृत्रिम नीळ 1897 साली बाजारात आली आणि आपल्या देशातील नीळीची शेती त्यापुढे टिकली नाही. त्याच घराण्यातले एक रसायन म्हणजे पॅरा-फेनिलीन-डायअमाइन. व्यवहारात त्याला पीपीडी म्हणतात. 1907 साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलेर या रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार केला, आणि पुढे या जातीच्या रसायनांवर केसरंगांचा जगभरचा कारखानदारी धंदा उभा राहिला.

पीपीडी केसात शिरते तेव्हा त्याला रंग नसतो. त्याला प्राणवायू मिळाला की ते केसाच्या आत काळे होते. त्यामुळे अर्ध्या तासात गडद आणि पक्का काळा रंग येतो. डब्यावर पीपीडीचे नाव, प्रमाण आणि वापरण्याची सूचना स्पष्ट दिली असेल, तर तो कायद्याने विकला जाणारा माल आहे आणि घेणाऱ्याने समजून घ्यावा. आमची तक्रार त्याच्याबद्दल नाही. तेच रसायन मेंदीच्या पुडीत मिसळून 'नैसर्गिक', 'हर्बल', 'रसायनमुक्त' अशा नावाने विकले जाते, त्याबद्दल आहे. रसायनाचा डबा घेणारा थोडा तरी सावध असतो, पण मेंदी म्हणून घेणारी आई निर्धास्तपणे ती लेकरांच्या हातालाही लावते.

पीपीडीने काही माणसांना जबर ॲलर्जी येते. टाळूला आग होते, फोड येतात, कपाळ आणि डोळे सुजतात. पहिल्या-दुसऱ्या वेळी काहीच होत नाही आणि मग एखाद्या वेळी एकदम उठते, म्हणून 'आम्ही दोन वर्षे लावतो, काही झाले नाही' हा दाखला कामाचा नाही. शिवाय एकदा अंगात ही ॲलर्जी बसली की ती बहुधा जन्मभर राहते. कापडवाल्यांनी पुढची गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा माणसाला पुढे काही गडद रंगाच्या कृत्रिम कापडातील रंगांचाही त्रास होऊ शकतो, कारण त्या रंगांचे आणि पीपीडीचे रसायन जवळचे आहे. काळा कुर्ता किंवा बुरख्याचे कापड अंगाला खाजते अशी तक्रार गिऱ्हाइकाने आणली, तर त्याचे मूळ केसांच्या रंगातही असू शकते.

युरोपात केसांच्या रंगात पीपीडी शेकडा 2 पेक्षा जास्त चालत नाही आणि त्वचेवर लावायला ते मुळीच चालत नाही. अमेरिकेत मेंदीला फक्त केसांच्या रंगासाठी मान्यता आहे. आपल्याकडे ईदच्या आदल्या रात्री 'इमर्जन्सी कोन' नावाने काही मिनिटांत रंगणारे कोन मुलींच्या हातावर चालवले जातात. पानाचा रंग काही मिनिटांत गडद होत नाही, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा आत काय असेल याचा विचार आईबापांनी करावा.

आणखी एक कडक इशारा. 'काळा दगड' किंवा 'काला पत्थर' नावाने जे खडे मेंदीत मिसळायला मिळतात, ते पीपीडीच असते. पोटात गेल्यास गळा सुजून श्वास बंद होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. पाकिस्तानातील दक्षिण पंजाबच्या इस्पितळांत या खड्यांच्या विषबाधेच्या पुष्कळ नोंदी आहेत, आणि केसांच्या रंगाच्या विषबाधेचे रुग्ण आपल्या देशातही सापडतात. हा माल कोणीही दुकानात ठेवू नये आणि घरात तर अजिबात आणू नये.

आपल्या देशाच्या कायद्यानेही याची दखल घेतली आहे. अशा रसायनांच्या केसरंगावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधानतेचा मजकूर छापणे बंधनकारक आहे. काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी, आणि पापण्यांना वा भुवयांना लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, असा त्याचा आशय असतो. 'मेंदी' लिहिलेल्या डब्यावर हा मजकूर दिसला तर समजावे की आत नुसते पान नाही.

पारख कशी करावी

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या पाच गोष्टी दुकानात किंवा घरात करता येतात.

1. वास आणि रंग : खऱ्या पुडीला वाळलेल्या गवतासारखा, किंचित चहाच्या पत्तीसारखा वास येतो. अत्तराचा किंवा औषधी झोंबणारा वास आला तर सावध व्हावे. डोळ्यांत भरणारा हिरवा रंगही संशयाचा आहे.

2. पाणी : काचेच्या ग्लासात चमचाभर पूड टाकून ढवळावी आणि अर्धा तास ठेवावी. वाळू तळाला बसते आणि बोटाला खरखर लागते.

3. सुती कापड : पांढऱ्या सुती चिंधीवर चिमूटभर पूड ठेवून थेंबभर पाणी सोडावे. लगेच हिरवा डाग पसरला तर वरून रंग मिसळलेला आहे. खऱ्या मेंदीचा डाग सावकाश येतो आणि तपकिरी-नारिंगी असतो.

4. लोकरीचा धागा : ही आमची आवडती चाचणी. खऱ्या लोकरीचा पांढरा धागा घ्यावा (ॲक्रिलिकचा नको, बाजारात विणकामाची 'लोकर' म्हणून बहुतेक तेच मिळते) किंवा कंगव्यात आलेले पांढरे केस घ्यावेत. भिजवलेल्या मेंदीत तीन तास दाबून ठेवावेत आणि धुवावेत. नारिंगी रंग आला तर माल खरा. अर्ध्या तासात काळा किंवा काळपट रंग आला तर ती मेंदी नव्हे.

5. वेष्टन : घटकांची यादी, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, वजन, महिना-वर्ष आणि छापील किंमत पाहावी. यादीच नसलेला डबा परत ठेवावा.

पुढे जाण्याआधी एक सूचना. माल खरा असला तरी पहिल्यांदा लावण्यापूर्वी थोडा लेप कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी.

घरी लावण्याची रीत

माप : दाढीसाठी 20 ते 25 ग्रॅम, पुरुषाच्या आखूड केसांसाठी 75 ते 100 ग्रॅम, खांद्यापर्यंतच्या केसांसाठी 150 ते 200 ग्रॅम पूड पुरते. लांब व दाट केसांना अर्थातच जास्त लागते. पूड मलमलीच्या फडक्यातून चाळून घ्यावी, म्हणजे काड्या राहत नाहीत आणि धुताना त्रास होत नाही.

भिजवणे : काचेचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्यावे. कोमट पाणी थोडे थोडे घालून दह्याइतका दाट लेप करावा. 100 ग्रॅमला एका लिंबाचा रस पुरे. लिंबाने रंग सावकाश आणि नीट सुटतो, पण जास्त झाल्यास केस कोरडे होतात. उकळते पाणी घालू नये. भांडे झाकून उन्हाळ्यात पाच-सहा तास आणि थंडीत रात्रभर ठेवावे. वरचा थर तपकिरी झाला आणि खालचा हिरवट राहिला, म्हणजे रंग सुटला असे समजावे. त्याच दिवशी वापरावी. फार काळ राहिली तर रंगाची ताकद कमी होते.

दही आणि अंडे : आपल्या घराघरांतून लेपात दही किंवा अंडे घालण्याची रीत आहे. केस मऊ व्हावेत हा हेतू चांगला आहे. पण मेंदी प्रथिनाला चिकटते आणि दही-अंड्यातही प्रथिनेच आहेत. केसाला जायचा रंग त्यातच खर्च होतो. नुसती निगा हवी असेल, रंग नको असेल, तर घालायला हरकत नाही. रंग हवा असेल तर दही दुसऱ्या दिवशी वेगळे लावावे.

लावणे : केस आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी धुऊन कोरडे करावेत. तेल अजिबात नको. तेलकट सुताला रंग धरत नाही, तसेच इथेही होते. कपाळाच्या कडेला आणि कानांना मात्र खोबरेल लावावे, म्हणजे त्वचेवर डाग पडत नाही. हातमोजे घालून भांग पाडत पाडत मुळापासून लेप भरावा. वरून जुने फडके किंवा प्लास्टिकची पिशवी बांधावी, कारण लेप वाळला की रंग चढायचा थांबतो. पांढऱ्या केसांसाठी तीन-चार तास ठेवावे. फक्त निगा हवी असेल तर तास-दीड तास पुरे. आपल्याकडे पावसाळ्यात थंडी भरते. सर्दीची प्रकृती असणाऱ्यांनी उन्हाचा दिवस निवडावा आणि इतका वेळ ठेवू नये.

धुणे : नुसत्या पाण्याने धुवावे, साबण-शाम्पू दोन दिवस लावू नये. पहिल्या दिवशी रंग भडक नारिंगी दिसला तरी घाबरू नये. दोन दिवसांत तो खाली बसतो.

पुढच्या वेळी फक्त नव्याने आलेल्या मुळांना लावावी. दर महिन्याला संपूर्ण लांबीवर थर चढवत गेले तर टोके काळपट तांबडी आणि कोरडी होतात. आणि एक ध्यानात ठेवावे की एकदा चढलेली मेंदी उतरत नाही, केस वाढून कापले जातील तेव्हाच जाते. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिला प्रयोग करू नये.

गडद रंग हवा असेल तर

आपल्या वडीलधाऱ्यांत दाढीला मेंदी लावण्याची रीत जुनी आहे. हदीसमध्ये मेंदी आणि 'कतम' या वनस्पतीचा उल्लेख आला आहे, आणि निव्वळ काळ्या रंगाबद्दल ताकीदही आली आहे. त्याच्या तपशिलात उलेमांची मते आहेत, ज्याने त्याने ती आपल्या आलिमांकडून समजून घ्यावीत. आम्ही इथे फक्त रंगाईचे सांगतो.

घरच्या घरी तपकिरी छटेसाठी लोखंडी कढईत आवळ्याची पूड आणि चहाचा अर्क घालून मेंदी भिजवतात. हा काही चमत्कार नाही. तुरट पदार्थ आणि लोखंड एकत्र आले की काळसर रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून कापडाचा काळा रंग आपले जुने रंगरेज याच नियमाने करीत. हिरड्याची आणि बाभळीच्या सालीची तुरट ताकद तर आपले चपलेचे कारागीर कातडे कमावण्यासाठीही वापरतात. अशा मेंदीने काळा रंग येत नाही, लाली थोडी दबते एवढेच.

झाडापासून खरोखर गडद रंग हवा असेल तर नीळीच्या पानांची पूड लागते. तमिळनाडूत तिंडिवनमच्या परिसरात या नीळीची लागवड होते आणि तिथून पूड येते. घेताना मात्र नावावर फसू नये. कपड्यांना देण्याची 'नीळ' ही निराळीच वस्तू, ती केसांना लावायची नाही. रंगाईच्या हौदात वापरतात ती नीळीची वडीही चालत नाही, कारण तिचा रंग आधीच तयार झालेला असतो आणि पाण्यात विरघळून केसात शिरत नाही. लागते ती सावलीत वाळवलेल्या पानांची हिरवी पूड.

तपकिरी रंगासाठी भिजलेल्या मेंदीत लावण्याच्या वेळी निम्मी नीळ-पूड मिसळावी. काळ्या रंगासाठी आधी मेंदी लावून धुवावी आणि मग नीळ-पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवावी. हिच्यात लिंबू घालू नये आणि ती रात्रभर ठेवूही नये. दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी, कारण हिचा रंग लगेच सुटतो आणि लगेच संपतो. तास-दीड तासाने धुतल्यावर केस हिरवट दिसतात, दुसऱ्या दिवशी हवेने काळे होतात. दोन वेळ बसावे लागते, अर्धा दिवस जातो. झाडाच्या काळ्या रंगाला एवढा वेळ लागतोच.

निगा किती आणि कोणी जपावे

मेंदीने केस वाढतात, गळायचे थांबतात, असे सांगून माल विकू नये. ती केसावर थर चढवते, म्हणून बारीक केस जाड वाटतात आणि चमक येते. इतके खरे आहे आणि इतके पुरेसे आहे. मेंदीने थोडा कोरडेपणाही येतो. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोबरेल किंवा तिळाचे तेल कोमट करून लावावे.

तान्ह्या बाळांना मेंदी लावू नये. काही घराण्यांत 'जी-सिक्स-पीडी' नावाच्या घटकाची रक्तात उपजत कमतरता असते. अशा मुलांत शुद्ध मेंदीनेही रक्तातील लाल पेशी फुटून कावीळ आणि पंडुरोग झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत. घरात कोणाला ही कमतरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही मेंदी वापरू नये. ज्यांनी धातूंच्या क्षारांचे रंग वापरले असतील त्यांनी केस ब्लीच करण्याच्या फंदात पडू नये, केस तापून तुटतात.

सलून चालवणाऱ्या बांधवांसाठी एक वेगळी गोष्ट. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा रंग लावते, तुमचे हात रोज त्यात असतात. पीपीडीमुळे हातांना इसब होणे हा या धंद्यातला जगभर माहीत असलेला आजार आहे आणि त्यापायी कित्येकांना कात्री खाली ठेवावी लागली आहे. हातमोजे न चुकता वापरावेत आणि डब्यात काय आहे ते वाचूनच डबा उघडावा.

विकणाऱ्यांसाठी

आपल्यातील बरीच कुटुंबे, विशेषतः घरी बसून काम करणाऱ्या भगिनी, मेंदीच्या पुड्या भरण्याचा विचार करतात. धंदा चांगला आहे, भांडवल थोडे लागते. पण कायदा समजून घ्यावा. सौंदर्यप्रसाधन आणून विकायला वेगळा परवाना लागत नाही. मात्र तेच आपल्या नावाच्या पाकिटात भरणे आणि लेबल लावणे हे कायद्याच्या नजरेत उत्पादनच आहे आणि त्याला परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन आधी विचारणा करावी, मगच लेबल छापावे. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि पत्ता असलाच पाहिजे.

घाऊक माल घेताना बिल घ्यावे आणि बिलावर 'मेंदी पूड' की 'मेंदीयुक्त केसरंग' हे स्पष्ट लिहून घ्यावे. हे दोन वेगळे माल आहेत. नव्या मालाची लोकरीच्या धाग्याची चाचणी दुकानातच करावी आणि तो धागा तारीख घालून ठेवावा. पावसाळा सरल्यावर कापणी होते, तेव्हा नवे पीक दिवाळीच्या पुढे-मागे मागवावे आणि वर्षभरात संपेल एवढेच घ्यावे. माल कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवावा. आपल्याकडील पावसाळ्यात पोत्याचे तोंड उघडे राहिले तर मेंदी ओल धरते आणि रंग जातो.

कापडाच्या धंद्याने हा धडा एकदा घेतला आहे. 1994 साली जर्मनीने घातक ॲझो रंगांवर बंदी घातली तेव्हा निर्यातीचा कित्येक माल अडला, आणि 1997 साली भारत सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली. त्या वेळी ज्यांच्याकडे रंग कुठून घेतला याचा कागद होता त्यांचे व्यवहार चालू राहिले. 'रंगवणाऱ्याने काय टाकले ते आम्हाला काय माहीत' हे उत्तर त्या बाजारात चालले नाही. मेंदीच्या बाजारातही ते फार दिवस चालणार नाही. मालात असलेला ऐब लपवून विकणे आपल्या दीनने मना केले आहे, हे आपल्या वाचकांना आम्ही नव्याने सांगावे असे नाही.

गिऱ्हाईक 'काळी मेंदी' मागायला आले तर त्याला परत पाठवण्याची गरज नाही. मेंदी आणि नीळ-पूड अशी दोन पाकिटे पुढे ठेवावीत, वेळ किती लागेल ते सांगावे. झटपट रंगच हवा असेल तर नाव, घटक आणि इशारा छापलेला केसरंगाचा डबा द्यावा आणि आधी कानामागे लावून पाहायला सांगावे. या रमजानपूर्वी आपल्या दुकानातील प्रत्येक डब्याची घटक-यादी एकदा वाचून काढावी आणि ज्याच्यावर ती नाही तो माल एजंटाला परत करावा.